बाजाराची खबर कोणाच्या हातून घ्यावी?



कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. या काळात आम्ही मालात फसलो, उधारीत फसलो, रंग उडणाऱ्या थानातही फसलो. पण या सर्वांपेक्षा महाग पडली ती एक शिळी खबर. तिचा हिशेब आज आपल्यासमोर ठेवत आहोत, कारण ती चूक एकट्या आमची नाही. परभणीपासून जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेडपर्यंत ज्या ज्या दुकानात आम्ही बसलो, तेथे हीच चूक रोज घडताना पाहिली आहे.

सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौ येथे जी.एस.टी. परिषदेची ४५ वी बैठक झाली. कापडावरील कर १ जानेवारी २०२२ पासून ५ टक्क्यांवरून १२ टक्के होणार असे त्यानंतर निश्चित झाले. डिसेंबर संपत आला तशी बाजारात एकच धांदल उडाली. आमच्या मोबाइलवर दिवसाला चाळीस-पन्नास संदेश येत. कोणी म्हणे वाढ पक्की, कोणी म्हणे टळली, कोणी म्हणे फक्त रेडिमेडवर. बहुतेकांवर ना तारीख, ना लिहिणाऱ्याचे नाव.

३१ डिसेंबरचा दिवस आम्ही वर्षअखेरचा माल मोजण्यात घालवला. रात्री साडेनऊला बाहेरगावच्या एका ठोक व्यापाऱ्याचा फोन आला. "शेठ, उद्यापासून बारा टक्के. आजच्या तारखेत बिल फाडतो, गाठी उचला." त्याने भावही थोडा चढवून सांगितला. आम्ही मनात सात टक्क्यांचा हिशेब केला, गल्ल्यातले पैसे आणि एका मित्राकडून हातउसने घेतलेले पैसे एकत्र केले व रक्कम पाठवून दिली.

सकाळी चहाच्या टपरीवर कळले की वाढ रद्दच ठेवली आहे. दिल्लीत परिषदेची ४६ वी बैठक ३१ डिसेंबरलाच झाली होती. कापडावरील वाढ पुढे ढकलल्याचा निर्णय त्याच दुपारी जाहीर झाला होता, आणि केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने तो आपल्या वेबसाइटवर टाकलाही होता. म्हणजे आम्ही रात्री पैसे पाठवले तेव्हा खरी खबर साऱ्या जगासाठी उघडी पडलेली होती. आमच्या मोबाइलच्या ढिगाऱ्यात "टळली" असा एक संदेशही सापडला. पण तो कोणाचा, कधीचा, हे कळायला मार्ग नव्हता. आम्ही त्याला कोणाची तरी इच्छा समजून पुढे सरकलो होतो.

माल काही वाया गेला नाही. पण जानेवारीत करोनाची तिसरी लाट आली, विक्री मंदावली आणि भांडवल गाठींत अडकून बसले. एप्रिलमध्ये रमजान सुरू झाला. मोसमाच्या ऐन खरेदीला आमच्या हातात रोकड नव्हती, म्हणून माल उधारीवर आणि चढ्या भावाने घ्यावा लागला. व्यापाऱ्याला ठाऊक आहे, मोसम चुकला की वर्ष चुकते.

त्या ठोक व्यापाऱ्याला दोष देऊन आम्ही मोकळे झालो असतो. पण खरा दोष आमचा होता. खबर तिच्या धन्याकडून न घेता आम्ही ती वाटेवरच्या हातांतून घेतली.

ही हकीकत ऐकून आमचा भाचा, जो संगणकाचे काम करतो, आम्हाला म्हणाला, "मामू, तुमची गाठ आली की नाही हे तुम्ही ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात विचारता. रस्त्याने जाणाऱ्याला विचारत नाही. मग टॅक्सची खबर ज्याला-त्याला का विचारता?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. त्याने मग आमच्या मोबाइलवर एक सोय करून दिली. तिला 'फीड' म्हणतात. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झालेले, संगणकाची भाषा आमच्यासाठी परकी. तरीही ही गोष्ट एका बैठकीत समजली, म्हणून आपल्यालाही समजेल.

फीड म्हणजे काय? वेबसाइट ही दुकानासारखी समजा. तेथे नवीन काय आले हे पाहायचे तर रोज जाऊन डोकवावे लागते. दहा वेबसाइट असतील तर दहा दुकाने फिरावी लागतात, आणि ज्या दिवशी गेलो नाही नेमका त्याच दिवशी माल येतो. यावर उपाय म्हणून वेबसाइटवाला आपल्या दुकानाबाहेर एक आवक-वही ठेवतो. नवीन काही टाकले की त्या वहीत आपोआप नोंद होते. मथळा, तारीख, थोडक्यात मजकूर आणि मूळ पान कोठे आहे त्याचा पत्ता. सर्वांत ताजी नोंद साधारणपणे सर्वांत वर. ही वही म्हणजे फीड.

आता दुसरी बाजू. आपल्या मोबाइलवर 'फीड रीडर' नावाचा एक प्रोग्राम ठेवायचा. तो आपला पोऱ्या. त्याला एकदा सांगून ठेवायचे की या दहा दुकानांच्या वह्या पाहत जा. तो ठरावीक वेळाने फेरी मारतो, प्रत्येक वही चाळतो आणि जेवढे नवीन असेल तेवढेच उचलून आपल्यापुढे ठेवतो. आपण सकाळी दुकान उघडताना पाच मिनिटे नजर टाकली की काम झाले. या सोयीसाठी कोठे नाव नोंदवावे लागत नाही आणि वेबसाइटवाल्याला आपला मोबाइल नंबर द्यावा लागत नाही. ज्या दिवशी एखादे दुकान नको वाटेल त्या दिवशी पोऱ्याला सांगायचे, तिकडे जाऊ नकोस. संपले.

या व्यवस्थेचे इंग्रजी नाव तीन अक्षरी आहे, आर.एस.एस. नाव ऐकून आमच्या वाचकांनी दचकू नये! आमचे हात पहिल्यांदा कपाळावरच गेले होते. हे 'रिअली सिंपल सिंडिकेशन' या शब्दांचे छोटे रूप आहे, म्हणजे अगदी साध्या रीतीने मजकूर वाटणे. आपल्या देशातील संघटनेशी त्याचा काडीचाही संबंध नाही. अमेरिकेतील नेटस्केप कंपनीने मार्च १९९९ मध्ये ते प्रथम काढले. डिसेंबर २००० मध्ये त्याची जी आवृत्ती निघाली ती घडवणाऱ्यांत ॲरन स्वार्ट्झ नावाचा अवघा १४ वर्षांचा मुलगा होता. २००२ मध्ये डेव्ह वायनर यांनी आज सर्वत्र चालणारी आवृत्ती काढली. २००५ मध्ये 'ॲटम' नावाची अशीच दुसरी पद्धत ठरली. आपल्याला या दोहोंत फरक करण्याचे कारण नाही, पोऱ्या दोन्ही वह्या वाचतो. केशरी चौकोनात एक ठिपका आणि त्यावर दोन कमानी, अशी खूण वेबसाइटवर दिसली तर तेथे फीड आहे असे समजावे.

येथे कोणी विचारील की व्हॉट्सॲपवर सगळे येते, मग हे लचांड कशाला? बंधूंनो, व्हॉट्सॲप ही बोलण्याची जागा आहे. मालाचा फोटो पाठवा, ग्राहकाशी भाव करा, त्यासाठी ते उत्तम. पण खबरीसाठी ते कच्चे आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार केले. त्यामागे मोबाइलवरून पसरलेली अफवा होती. देशभर अशा घटना घडल्यावर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या संदेशावर खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी ढकलता येईल अशी मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये फार वेळा फिरलेल्या संदेशासाठी ती मर्यादा एकावर आली. कंपनीने आपल्या परीने लगाम घातला, पण मूळ दुखणे तसेच आहे. पुढे ढकललेल्या संदेशात पहिला लिहिणारा कोण, हे शेवटच्या वाचणाऱ्याला कळत नाही. फीडमध्ये मधला हातच नाही. रिझर्व्ह बँकेच्या वहीत रिझर्व्ह बँकच लिहिते.

या फरकाची किंमत किती, ते तीन गोष्टींवरून पाहा.

पहिली गोष्ट पैशाची. १० रुपयांचे नाणे बंद झाले म्हणून आपल्या बाजारात किती भांडणे झाली! रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ रोजी स्पष्ट पत्रक काढले होते की वेगवेगळ्या १४ नक्ष्यांची सर्व नाणी चलनात आहेत. तरी त्यानंतरही आमच्या गल्लीत ती नाणी नाकारली जात होती. पुढे १९ मे २०२३ रोजी २००० ची नोट मागे घेण्याचे जाहीर झाले. मोबाइलवर खबर फिरली की नोट रद्द झाली. पत्रकात मात्र लिहिले होते की नोट कायदेशीर चलन राहील आणि ३० सप्टेंबरपर्यंत बँकेत भरता किंवा बदलता येईल. ही मुदतही नंतर ७ ऑक्टोबरपर्यंत वाढली. ज्यांनी घाबरून नोटा कमी पैशात दुसऱ्याला दिल्या त्यांनी वाचण्याच्या पाच मिनिटांसाठी नुकसान सोसले. रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर पत्रकांचे फीड आहे.

दुसरी गोष्ट कराची. ३ सप्टेंबर २०२५ रोजी जी.एस.टी. परिषदेची ५६ वी बैठक झाली व नवे दर २२ सप्टेंबरपासून लागू झाले. बाजारात हवा अशी झाली की आता सगळा कपडा ५ टक्क्यांवर. खरे काय होते? तयार कपड्यांत नगाची किंमत २५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के. पूर्वी ही सीमा १००० रुपयांची होती आणि त्यापुढे १२ टक्के लागत. म्हणजे १५०० च्या कुर्त्याला दिलासा मिळाला. पण २५०० च्या वर मात्र दर १२ वरून १८ टक्के झाला. लग्नसराईची शेरवानी किंवा तयार घागरा विकणाऱ्या आमच्या भावाने नुसत्या हवेवर भाव ठरवला असता तर फरक त्याच्या खिशातून गेला असता. हा सर्व तपशील पत्र सूचना कार्यालयाने त्याच दिवशी प्रसिद्ध केला होता. या कार्यालयाच्या वेबसाइटवरही फीड आहे. या वेळी ती खबर आमच्या मोबाइलवर थेट आली, आणि आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी शांतपणे मालाच्या दोन याद्या केल्या.

तिसरी गोष्ट कारीगरांची. १७ सप्टेंबर २०२३ रोजी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यात शिंपी, लोहार, सुतार, गवंडी, परीट, न्हावी, चांभार, कुलूप बनवणारे असे १८ धंदे आहेत. अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि ५ टक्के व्याजाने तारणाविना पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज, अशी ती योजना. नोंदणीला पैसे लागत नाहीत. पण आमच्या दुकानासमोर मशीन घेऊन बसणाऱ्या टेलर मास्तरांना मोबाइलवर एक भलतीच लिंक आली, तिच्यावर त्यांनी 'फॉर्म फी' म्हणून पैसे भरले आणि ते बुडाले. मास्तर आम्हाला म्हणाले, "शेठ, रक्कम लहान होती, पण दोन दिवसांची शिलाई होती." त्यांच्याकडे मूळ घोषणा त्या दिवशीच पोहोचली असती तर हे घडते ना.

कोणी म्हणतील, आमचा सी.ए. आहे, तो सांगेल. सी.ए.ने सांगितलेच पाहिजे, आणि शेवटचा सल्ला त्याचाच घ्यावा. पण त्याच्याकडे आपल्यासारखे दोनशे आहेत. आपला नंबर येईपर्यंत दोन दिवस जातात आणि बाजार दोन तासांत हलतो. खबर हाती असेल तर आपण त्याला नेमका प्रश्न विचारू शकतो.

दुसरे कोणी म्हणतील की ही सोय जुनी झाली. गूगलचा रीडर ऑक्टोबर २००५ मध्ये सुरू झाला आणि १ जुलै २०१३ रोजी बंद पडला, हे खरे. पण बंद पडला तो पोऱ्या, वह्या बंद पडल्या नाहीत. लोकांनी आपली यादी उचलली आणि ती दुसऱ्या रीडरमध्ये ठेवली. अशी यादी एका फाइलमध्ये काढून नेता येते. दलालाची पेढी उठली तरी आपली खतावणी आपल्याकडेच राहावी, तसे. आज फीडली, इनोरीडर असे रीडर आहेत, संगणकावर थंडरबर्डही हे काम करतो. थोड्या वापराला पैसे पडत नाहीत. लोक जे पॉडकास्ट ऐकतात, तेही आतून बहुधा याच फीडवर चालतात.

आता उणिवाही सांगतो, कारण माल विकताना डाग झाकणे आमच्या धंद्यात बसत नाही. सर्व वेबसाइटना फीड नसते. पुष्कळ सरकारी कार्यालये पत्रकाचा नुसता फोटो टाकतात, तो पोऱ्याला वाचता येत नाही. बराच मजकूर इंग्रजीत असतो, तेथे घरातील शिकलेल्या मुला-मुलींची मदत घ्यावी लागते. आणि सर्वांत मोठी गोष्ट, फीड खऱ्या-खोट्याचा निवाडा करत नाही. खोटारड्याचे फीड लावले तर खोटेच थेट घरी येईल. म्हणून वही कोणाची, हे आधी पाहावे. दहा-बारा वह्या पुरेत. शंभर लावल्या तर पुन्हा तोच ढिगारा.

आतापर्यंत आम्ही घेण्याचे बोललो. देण्याचेही बोलले पाहिजे. तुराबुल हक साहेबांच्या उरुसात फेब्रुवारीत परभणीला बाहेरगावचे किती कारीगर येतात! माल आवडतो, ग्राहक पत्ता मागतो, उरुस उठतो आणि पुढच्या वर्षापर्यंत कोणाला कोणाची खबर नसते. ज्याने स्वतःची छोटी वेबसाइट केली आहे त्याच्याकडे हा उपाय बहुधा तयारच असतो. वर्डप्रेस या साधनावर वेबसाइट बनवली असेल तर फीड आपोआप तयार होते. पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ मारून 'फीड' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला की वही उघडते. नवा नक्षा टाकला की दूरच्या दुकानदाराला कळते. फेसबुकवर आपला नक्षा किती जणांना दाखवायचा हे कंपनी ठरवते. फीडमध्ये ज्याने वही लावली त्या प्रत्येकाला तो मिळतो.

हीच मागणी आमची संस्थांकडे आहे. बाजार समित्या, व्यापारी संघटना, पतसंस्था यांनी आपली पत्रके फोटोऐवजी मजकुरात टाकावीत आणि फीड चालू ठेवावे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून हवामानावरचा शेतीसल्ला आठवड्यातून दोनदा निघतो, मंगळवारी व शुक्रवारी. कापडवाल्याला त्याचे काय, असे विचारू नका. शेतात कापूस वेचला गेला तर आमच्या दुकानात गर्दी होते, आणि पावसात भिजला तर उधारीची वही फुगते. असा सल्ला फीडने घरोघर जाऊ लागला तर शेतकऱ्याइतकाच तो आमच्याही कामाचा आहे.

शेवटी एक सूचना. प्रत्येक गल्लीत एखादा तरुण दुकानदार असा असतोच ज्याला मोबाइल चांगला कळतो. त्याने रिझर्व्ह बँक, पत्र सूचना कार्यालय, बी.बी.सी. मराठीसारखे एखादे वृत्तकेंद्र आणि आपल्या धंद्याच्या दोन-चार वेबसाइट अशी यादी लावावी. रोज सकाळी दुकान उघडल्यावर जी खबर गल्लीच्या कामाची असेल ती तारखेसह आणि कोणाकडून आली त्या नावासह फळ्यावर लिहावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावी. खडूचा खर्च आमच्याकडून.

आमच्या दुकानाबाहेर असा फळा लागला आहे. टेलर मास्तर सकाळी मशीन उघडण्याआधी त्यासमोर उभे राहतात आणि पहिल्यांदा तारीख विचारतात. मग विचारतात, "हे कोणी लिहिले आहे?" हे दोन प्रश्न ३१ डिसेंबरच्या रात्री आम्ही विचारले असते तर आमच्या गाठी त्या व्यापाऱ्याच्याच गोदामात राहिल्या असत्या. आपणही विचारत जा.